शंभरातला तो एक

"शंभरात एक," डॉ. अक्षदा बिराजदार म्हणाल्या. "म्हणजे एक टक्का. तेवढा आवाजाला धोका असतो. फार नाही, पण मला सांगावाच लागतो."

गुरुसिद्धप्पांनी मान हलवली. मानेबरोबर गळ्यावरची गाठही हलली. लिंबाएवढी होती तोवर त्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला. पेरूएवढी झाली तेव्हा उपरणं गुंडाळून झाकली. आता उताणं झोपलं की श्वास कोंडायला लागला, तेव्हा कुठं मुलगा शिवराज त्यांना कळंबहून धाराशिवच्या या दवाखान्यात घेऊन आला होता. गाठ साधीच निघाली, पण श्वासनळी दाबत होती. ती काढणं भाग होतं.

आता आवाजाचा धोका कुणालाही नको असतो, पण गुरुसिद्धप्पांची गोष्ट जरा वेगळी होती. कळंबच्या मोंढ्यात बब्रुवान अडत्याकडे ते लिलाव पुकारायचे. हरभऱ्याच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी भाव पुकारला, की बसस्टँडवर उभ्या असलेल्या माणसालाही आज तेजी आहे की मंदी ते कळायचं. मोंढ्यात लाउडस्पीकर घ्यायची टूम मधूनमधून निघायची आणि आप्पांनी एकदा खाकरलं की विरून जायची. सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणायचा, आणि आप्पा म्हणजे आवाज, असंच सगळे धरून चालायचे.

त्यामुळे 'एक टक्का' ऐकल्यावर आप्पांनी तो आपल्या पद्धतीने मनात मांडून बघितला. मोंढ्यात माल मोजला की माती, काडीकचरा म्हणून प्रत्येक पोत्यामागे थोडं वजन कापतात. त्याला कडता म्हणतात. कडता सगळ्यांनाच बसतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं, फक्त तो जास्त बसू नये एवढं माणसानं बघायचं असतं.

"शेकडा एक म्हंजी लई न्हाय," आप्पा म्हणाले. "पर बाई, अर्ध्यावर या की."

"अर्ध्यावर?" डॉक्टरीणबाईंनी कागदातून डोकं वर काढलं. शिवराज फोनवर बोलायला बाहेर गेला होता, त्यामुळे खुलासा करायला कुणी नव्हतं. मग त्यांना वाटलं, आप्पा गाठीबद्दल विचारतायत. "हो, थायरॉइडची ग्रंथी अर्धीच काढायची आहे. उजवीकडची. डावी बाजू तशीच ठेवणार आहोत."

"झालं मग. ठरलं."

"तुम्हाला धोका नीट समजला ना?"

"समजला की. आमचा त्योच धंदा हाय."

डॉ. अक्षदांना बरं वाटलं. पेशंटपासून काही लपवायचं नाही, आकड्यात सांगायचं, हे त्या पुण्यात शिकून आल्या होत्या. आणि इथं आल्यापासून आकडा सांगितला की लोक एकतर घाबरून पळायचे नाहीतर हात जोडून 'तुमी म्हनाल तसं' म्हणायचे. एवढ्या शांतपणे विचार करून होकार देणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी आप्पांना तपासण्या लिहून दिल्या आणि पाडव्यानंतरची तारीख दिली.

आप्पा खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी मोंढ्यातही त्यांनी सांगून टाकलं, की डॉक्टरीण एक टक्का आवाज कापणार होती, पण अर्ध्यावर तोडलं.

"अर्ध्या टक्क्यानं काय फरक पडतोय," बब्रुवान अडत्या म्हणाला. "तुमचा निम्मा कापला तरी आमच्या कानाला भारीच हाय."

रात्री जेवताना उमादेवींनी भाकरी वाढता वाढता हेच शिवराजच्या कानावर घातलं. शिवराजचा घास हातातच राहिला.

"आप्पा, तसं न्हाय ते," तो म्हणाला. "एक टक्का आवाज जात न्हाय. शंभर मान्सं आपरेशनला गेली, तर नव्व्याण्णव जनांचा आवाज हाय तसाच ऱ्हातो. एकाचा जातो."

"एक टक्का?"

"सगळा."

आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आन् बाकीच्यांचं काहीच जात न्हाय?"

"काहीच न्हाय."

"ह्यो कुठला न्याव? सगळ्यांचं थोडं थोडं घ्यावं की."

"आप्पा, ते वाटून घ्यायचं नसतंय."

"मग त्यो एक कोन?"

"ते आदी कळत न्हाय."

"डॉक्टरीनबाईला तर ठावं असंल."

"तिलाबी न्हाय."

"मग तिला ठावं काय हाय?" आप्पांनी विचारलं. उमादेवींनी वरण वाढलं, पण आप्पा त्या दिवशी पुढं जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी शिवराजला दवाखान्यात फोन लावून द्यायला सांगितलं. डॉ. अक्षदा स्वतः बोलल्या.

"बाई, एकच इचारायचं हुतं. त्यो शंभरातला एक झाला का?"

"म्हणजे?"

"तुमच्या हातून आतापातूर कुनाचा आवाज गेलाय का?"

आता या प्रश्नावर कुठल्याही डॉक्टरला आनंदच होईल. "अहो आप्पा, अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "इथं आल्यापासून इतकी ऑपरेशनं केली, अजून एकाचाही आवाज गेलेला नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

आप्पांच्या हातातला फोन गळायचाच राहिला. "किती केली असतील?"

"मोजली नाहीत. पण शंभरच्या आसपास असतील."

आप्पा ओट्यावर बसले. म्हणजे शंभर होत आले आणि तो एक अजून यायचाच होता. आवाजाला निरोप द्यावा तसे ते त्या दिवशी मोंढ्यात तुरीचे, हरभऱ्याचे भाव पुकारत राहिले. ओळखीपाळखीतून त्यांनी त्या दवाखान्यात गळ्याचं ऑपरेशन झालेली माणसं शोधून काढली. एक शिक्षक निघाले, ते खणखणीत बोलत होते. एक किराणा दुकानदार निघाला, तो गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडत होता. दुसरा कुणी असता तर हे बघून त्याला धीर आला असता. आप्पांचा मात्र एकेका खणखणीत माणसागणिक धीर खचत गेला. येरमाळ्याला एका हॉटेलवाल्याचा आवाज बसलेला आहे असं कळल्यावर ते आशेने पेढे घेऊन तिथं गेले. माणूस खरंच घोगरा होता, पण त्याच्या गळ्याला कधी सुरी लागलेली नव्हती, तो जन्मापासूनच तसा बोलत होता. पेढे मात्र त्याने ठेवून घेतले.

मग एकच वाट उरली. तारीख पुढं ढकलायची आणि मध्ये दुसऱ्यांना जाऊ द्यायचं. आप्पांनी आधी ताप आल्याचं कळवलं, मग पाहुणे आल्याचं कळवलं, मग नुसतंच 'पुढच्या येळी' म्हणून कळवलं. आणि इकडं आठवडी बाजारात ते लोकांचे गळे बघत हिंडायला लागले.

गळा जरा फुगीर दिसला की आप्पा माणसाला बाजूला घ्यायचे. "किती दिस झाले ह्याला? दुकतंय का? धाराशिवला एक बाई हाय. हाताला लई गुन हाय तिच्या. आजच जावा." ही शिफारसही लिलावाच्याच आवाजात व्हायची, त्यामुळे बाजूचे चार लोकही ऐकायचे. काहींचे गळे नुसतेच जाड होते. पण काहींना खरंच गाठी होत्या, आणि आप्पांसारखा माणूस कळवळून सांगतोय म्हटल्यावर ती माणसं जाऊ लागली. डॉ. अक्षदांच्या दवाखान्यात कळंबकडची गर्दी अचानक का वाढली, ते त्यांना कळेना. ज्यांना गाठी नव्हत्या तेही 'आप्पानं धाडलंय' म्हणून गळा पुढं करून बसायचे.

मथुराबाई अशीच भेटली. वाशीकडची, साठीच्या पुढची, शेळ्या राखणारी बाई. दोन बोकड विकायला ती कळंबच्या बाजाराला आली होती. तिची गाठ आप्पांच्या गाठीएवढीच होती आणि पदराने तशीच झाकलेली होती. आप्पांनी तिला ओळखीच्या जीपवाल्याकडून धाराशिवला पाठवायची सोयसुद्धा लावून दिली. पुढच्या बाजाराला ती परत भेटली.

"जाऊन आले, आप्पा," ती म्हणाली. "बाई चांगली हाय. बेस्तरवारी बोलावलंय मला आपरेशनला. तुमी देवावानी भेटलात बगा."

"धोक्याचं काय म्हनली का?"

"म्हनली की. शंभरात एक असं कायतरी."

"मग?"

"मग काय. शंभर वर्सांत एकांद्या बारी काय हुतंय, त्याला कशाला भ्यायचं? म्या काय शंभर वर्सं जगनार हाय?"

आप्पांनी तिला दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुरुस्त केलं असतं तर ती गेली नसती. ती गेली नसती तर आप्पांचा नंबर अलीकडे आला असता. मथुराबाई बाजारातून निघाली तेव्हा ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. एवढ्या माळावर पांगलेल्या शेळ्या ही बाई हाका मारूनच गोळा करत असणार. आवाज गेला तर ही काय करणार?

हा विचार त्यांनी उमादेवींना बोलून दाखवला नसता तर बरं झालं असतं. उमादेवी तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी तिचा आवाज जावा म्हनून तुमी तिला जीपीत बसिवलं?"

"तसं न्हाय."

"मग कसं हाय?"

आप्पा उठून अंगणात गेले. ते बुधवारी जेवले नाहीत. रात्री गाठीमुळे झोप नव्हतीच, आता मनामुळेही नव्हती. गुरुवारी दिवस उजाडताच पाणीसुद्धा न घेता त्यांनी शिवराजला उठवलं आणि दोघं पहिल्या एसटीने धाराशिवला निघाले.

"करायचं काय हाय तिथं?" शिवराजने विचारलं.

"बाईला थांबवायचं. तिला खरं सांगायचं."

दवाखान्यात पोचले तेव्हा मथुराबाई बाकावर सुनेबरोबर बसली होती आणि डॉ. अक्षदा तिच्यासमोर कपाळाला हात लावून उभ्या होत्या. उपाशी यायला बजावलं असताना मथुराबाईने सकाळी स्टँडवर चहा आणि खारी खाल्ली होती. पोटात अन्न असताना भूल देता येत नव्हती. भूल देणारे डॉक्टर लातूरहून येऊन बसले होते, खोली तयार होती, आणि पेशंट खारी खाऊन बसला होता.

"थोडीच खाल्ली," मथुराबाई म्हणाली.

तेवढ्यात डॉ. अक्षदांची नजर आप्पांवर पडली. "आप्पा, तुमच्या सगळ्या तपासण्या झालेल्या आहेत ना? तुम्ही काही खाल्लंय का?"

"काल सकाळपसनं काई न्हाय."

"पाणी?"

"न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी तयार असलेल्या खोलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आप्पा मथुराबाईकडे बघत होते. ती बापडी ओशाळून पदराशी चाळा करत होती. आज टळलं तरी आठ-पंधरा दिवसांनी ती परत येणारच होती, कारण तिला आप्पांनीच पाठवलं होतं. आणि तो एक अजून शिल्लकच होता.

"मग माझं करा," आप्पा म्हणाले.

"खरंच? घाई नाही हं. घरी विचारायचं असेल तर..."

"करा. कुनाचा तरी जायाचाच हाय, तर माझा जाऊ द्या."

"अहो, कुणाचा तरी जायचाच असं नसतं," डॉ. अक्षदा म्हणाल्या. मग त्या शिवराजला बाजूला घेऊन बोलल्या, पुन्हा आप्पांशी बोलल्या, पुन्हा सगळं समजावलं. आप्पांनी सगळ्याला हो म्हटलं आणि ऐकलं त्यातलं काहीच नाही. आत जाताना ते मोठ्याने "उमाला सांग" एवढंच म्हणाले. उमादेवींना काय सांगायचं ते मात्र सांगायचं राहून गेलं.

दुपारी त्यांना जाग आली तेव्हा गळ्याला पट्टी होती. श्वास सरळ आत-बाहेर जात होता, कित्येक महिन्यांत असा गेला नव्हता. शेजारी शिवराज होता आणि दाराशी मथुराबाई. गावाकडं जायची जीप सुटेपर्यंत ती थांबली होती. आप्पांनी बोलायला तोंड उघडलं. आतून फक्त हवा आली.

शिवराज घाबरून उठला. आप्पांना मात्र, का कोण जाणे, फार हलकं वाटलं. त्यांनी मथुराबाईला हाताने जवळ बोलावलं आणि सगळा जोर लावून फुसफुसले, "त्यो एक... म्या निघालो. आता तुमी... बिनघोर या."

मथुराबाईला काही कळलं नाही, पण तिचे डोळे भरून आले. शिवराजने तिच्या सुनेला अर्थ सांगितला. सुनेने तो जीपमध्ये बसलेल्या सगळ्यांना सांगितला. जीप वाशीला पोचेपर्यंत ती बातमी कळंबलाही पोचलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. अक्षदा तपासायला आल्या. "आवाज बसलाय तो तात्पुरता," त्या म्हणाल्या. "आवाजाच्या शिरेवर थोडी सूज आहे. शीर शाबूत आहे, मी डोळ्यांनी बघितली. थोड्या दिवसांत आवाज परत येईल."

आप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजी त्यो एक म्या न्हाय?" ते फुसफुसले.

"नाही, तुम्ही नाही."

"नक्की?"

"नव्व्याण्णव टक्के," डॉ. अक्षदा म्हणाल्या, आणि आप्पांनी डोळे मिटून घेतले.

ते घरी आले तोवर मोंढ्यात निराळंच घडत होतं. आप्पांचा आवाज गेला म्हणून लोक हळहळले, पण त्या हळहळीतून एक हिशेबही निघाला. एक गेला, म्हणजे आता नव्व्याण्णव जण बिनधोक. बब्रुवान अडत्यानेच तो बोलून दाखवला. जागा भरायच्या आत नंबर लावलेला बरा, असं म्हणून त्याने आपल्या चुलतीला धाराशिवला नेलं. आधी जे गळा झाकून पळत होते, तेच आता डॉ. अक्षदांच्या दारात रांग लावू लागले. "कितवा नंबर चाललाय?" असं आत आल्या आल्या विचारू लागले. कशाचा नंबर, हे डॉक्टरीणबाईंना उमगेना. गाठ नसलेला एक जण तर 'पुढंमागं झाली तर' म्हणून आत्ताच नाव लावायला आला होता.

आठ-दहा दिवस असेच गेले. उमादेवींनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. आप्पा सावलीला राखण बसले होते. कठड्यावरून एक वानर उतरलं आणि त्याने कुरड्यांना हात घातला.

"हाऽड," आप्पा ओरडले.

वानर उडालं. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. उमादेवी पदर सावरत वर आल्या. "आला की वो आवाज," त्या म्हणाल्या.

आप्पांनी तोंडावर बोट ठेवलं.

"आता काय?" उमादेवींनी विचारलं.

"मथुराबाईचं आपरेशन पुढल्या सोमवारी हाय," आप्पा हळू म्हणाले. "तिला म्हनलोय, त्यो एक म्या हाय. आता आवाज आला म्हनून सांगितलं तर ती भिऊन यायची न्हाय. तिला रातीला श्वास गावंना झालाय."

उमादेवींनी वानराने विस्कटलेल्या कुरडया सारख्या केल्या. "सोमवारपातूर गप ऱ्हाल का?"

आप्पांनी मान हलवली. उभ्या आयुष्यात ते इतके दिवस गप्प राहिलेले नव्हते. उमादेवी खाली गेल्या. संध्याकाळी त्यांनी आप्पांना न मागता शिरा करून दिला.

पण गप्प राहणं आप्पांना वाटलं तेवढं सोपं गेलं नाही, कारण मध्ये तपासणीची तारीख होती. डॉ. अक्षदांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून आवाजाच्या पट्ट्या बघितल्या. दोन्ही पट्ट्या छान हलत होत्या.

"आता म्हणा, ईऽ."

आप्पांनी हवा सोडली.

"जोर लावा."

आप्पांनी जास्त हवा सोडली. डॉ. अक्षदांनी दुर्बीण काढली, पुसली, पुन्हा घातली. पट्ट्या हलत होत्या आणि आवाज येत नव्हता. त्यांनी पुण्याला आपल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, असं कधी होत नाही. मग डॉ. अक्षदांनी पुस्तकं उघडली. पुस्तकांतही असं कधी होत नव्हतं. इतक्या ऑपरेशनांत पहिल्यांदाच आपल्या हातून कुणाचा आवाज गेला, आणि तोही ज्याच्या पोटापाण्याचा होता त्याचा, या विचाराने त्यांचं जेवणावरचं मन उडालं. "तुम्ही मला माफ करा," असं त्या घरी निघालेल्या आप्पांना म्हणाल्या, तेव्हा आप्पांना इतकं कसंतरी झालं, की ते "अवो न्हाय" एवढं जवळजवळ बोलूनच गेले होते. त्यांनी ते खोकल्यावर निभावून नेलं.

सोमवार उजाडला. मथुराबाई उपाशी आली. या खेपेला सून तिच्यावर पहारा ठेवून होती. आप्पाही आले आणि बाकावर बसून राहिले. डॉ. अक्षदा आत जाताना त्यांच्याकडे बघून नमस्कार करून गेल्या. त्यांचा चेहरा बघून आप्पांनी उपरणं गळ्याभोवती घट्ट ओढून घेतलं. मुळात तो एक निघालेलाच नव्हता, हे तिथं फक्त आप्पांनाच माहीत होतं. आत गेलेल्या बाईला माहीत नव्हतं, कापणाऱ्या बाईलाही नव्हतं. आपण खोटं बोलून हिला आत पाठवलं की धीर देऊन, याचा निवाडा त्यांना त्या बाकावर बसून काही केल्या करता येईना.

दुपारी मथुराबाईला बाहेर आणून वॉर्डातल्या खाटेवर ठेवलं, आप्पाही तिथं जाऊन बसले. डॉ. अक्षदा तिच्या तोंडाशी वाकल्या. "मथुराबाई, बोला बघू. नाव सांगा तुमचं."

बाईने डोळे किलकिले केले. "शेळ्यास्नी पानी दावलं का गं?" ती सुनेला म्हणाली. आवाज जरा जड होता, पण आवाज होता.

"बोलली," आप्पा उठून उभे राहिले. "बोलली की. बाई बोलली."

ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, की खालच्या मजल्यावरचे औषधाच्या दुकानातले लोक वर बघायला आले. डॉ. अक्षदा सावकाश मागं वळल्या. आप्पांनी तोंडावर हात ठेवला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले काई दिवस."

त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. राग आला की हायसं वाटलं, हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. "मी इतके दिवस झोपले नाही, आप्पा. मला तरी सांगायचं."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी तिला खरं सांगितलं असतं," आप्पा म्हणाले. "आन् खरं ऐकून ती पुना खारी खाऊन आली असती."

डॉ. अक्षदांना यावर बोलण्यासारखं खूप होतं. पहिला एक झाला म्हणून पुढचे नव्व्याण्णव सुटत नाहीत, प्रत्येक माणूस नव्याने शंभरातला असतो, हे त्यांनी समजावून सांगायला सुरुवातही केली. पण मध्येच थांबून त्या मथुराबाईकडे वळल्या. "तुम्ही आज यांच्या भरवशावर आलात का? ह्यांचा आवाज गेला, म्हणून आता तुमचा जाणार नाही, असं वाटलं तुम्हाला?"

मथुराबाईला प्रश्न समजायला वेळ लागला. "आवाजाचं मला काय करायचं हाय," ती थांबत थांबत म्हणाली. "माज्या शेळ्या शिट्टीवर येत्यात."

आप्पा परत खाली बसले.

"मग त्या दिवशी खारी का खाल्ली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मुद्दाम खाल्ली. उपाशी असंल तरच भूल देत्यात, असं तुमीच म्हनला हुता. भूल दिली की मानूस परत उठत न्हाय असं आमच्यात एकजन म्हनला हुता." तिने श्वास घेतला. "मग ह्ये आप्पा आत गेले. मला वाटलं, गेलं मानूस. दुपारच्याला बगते तर डोळे उगडून बगायलेत. तवाच म्या ठरिवलं. ते काय फुसफुसले ते मला कळलंच न्हाय. ते उठले एवडं कळलं."

सून पाणी आणायला गेली. डॉ. अक्षदा स्टुलावरून उठल्या, आप्पांच्या गळ्यावरची पट्टीची जागा सवयीने बोटाने दाबून बघितली आणि हात धुवायला गेल्या.

आप्पा बाहेर आले. बाकावर एक शेतकरी बायकोला घेऊन बसला होता. बायकोच्या गळ्याशी पदर होता. आप्पांचा आवाज त्याने मघाशी ऐकलेला होता, त्यामुळे हा कुणी इथला जाणकार असणार असं त्याला वाटलं.

"मामा, आत शंभरात एक म्हनालेत," तो म्हणाला. "म्हंजी काय समजायचं? धोका हाय का न्हाय?"

कळंबच्या मोंढ्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाने तोंड उघडलं. मग मिटलं. त्याने पुन्हा उघडलं. सांगण्यासारखं त्याच्याकडं फार होतं आणि त्यातलं खरं कुठलं, याचा त्याला अजूनही पत्ता नव्हता. शेवटी त्याने उपरणं सोडलं आणि गळ्यावरची ताजी लाल रेघ त्या बाईला दाखवली.

"म्या जाऊन आलोय," आप्पा हळू म्हणाले. "आता जेवायला चाललोय."

बाईने रेघेकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला आत."